लॅमिंग्टन रोडच्या काकांना, पंखा बंद केल्याबद्दल

काका, सादर नमस्कार.

दुरुस्तीचे पैसे तुम्ही घेतलेत, तो हिशोब मिटला. पंख्याचं देणं मात्र राहिलंय.

तुमच्याआधी त्याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराने माझ्या जुन्या पेंटियम कॉम्प्युटरकडे न बघताच सांगितलं, 'मॅडम, भंगारात द्या. असले गेम आता फोनवर चालतात.' दुसऱ्याने कित्येक आठवडे ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा स्क्रूवरची धूळसुद्धा हलली नव्हती. वर हसला. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

फोनवर चालतात हे मलाही ठाऊक आहे. हौशी मंडळींनी २००१ पासून स्कमव्हीएम हा जुने गेम नव्या यंत्रांवर चालवणारा प्रोग्राम सांभाळलाय म्हणून तर हे गेम टिकले. पण त्या काळच्या साउंड ब्लास्टर या आवाजाच्या कार्डातली चिप सूर स्वतः तयार करायची. कार्ड बदललं की गाण्याचा पोत बदलायचा. गिरगावच्या खोलीत दादा आणि मी जो आवाज ऐकत मोठे झालो, तोच मला हवा होता.

तुम्ही 'मंकी आयलंड २' हा जुना गेम सुरू केलात. मे महिन्यातली दुपार, बाहेर हॉर्न, डोक्यावर पंख्याची घरघर. मी म्हटलं, 'चालतंय, झालं.' तुम्ही म्हणालात, 'थांबा, नीट ऐकू येत नाहीये.' उठलात, पंखा बंद केलात, दार ओढून घेतलंत, पोराला ब्लोअर थांबवायला सांगितलंत. मग घाम पुसत आपण ऐकत बसलो.

वुडटिक हे गेममधलं मोडक्या जहाजांचं गाव. मी गेमच्या नायकाला, गायब्रशला, एकेका दारातून आत नेत होते. चाल तीच राहायची, साज बदलायचा. बाहेर आलं की पुन्हा मूळचं गाणं, मध्ये कुठेही न तुटता. तुम्ही विचारलंत, 'हे जोडतात कुठे?' इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता! गिऱ्हाइकं आली आणि उत्तर राहून गेलं, म्हणून इथे देते. मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी लुकासआर्ट्स या गेम बनवणाऱ्या कंपनीसाठी आयम्यूज नावाची यंत्रणा बांधली, ती १९९१ साली या गेममध्ये पहिल्यांदा आली. कुठून कुठे उडी घेता येईल याच्या खुणा संगीतातच घातलेल्या असतात. तबलजी समेची वाट बघून ठेका बदलतो, तसा प्रोग्राम त्या जागेपर्यंत थांबतो.

चित्रंही हाताने रंगवून स्कॅन केलेली. आणि घाई अजिबात नाही. त्या काळी कितीतरी गेममध्ये एक पाऊल चुकलं की मरण यायचं. खेळणाऱ्याला असं उगाच मारायचं नाही, हे या गेमचा कर्ता रॉन गिल्बर्ट याचं मत होतं. त्यामुळे कोपऱ्यात नुसतं उभं राहून दिव्याकडे बघता येतं, कामाची नसलेली वस्तूही न्याहाळता येते, आणि तिच्याबद्दलही कुणीतरी एक वाक्य लिहून ठेवलेलं असतं. माझ्या मते या गेमची सगळी जादू तिथे आहे: कुणी बघेल की नाही याची खात्री नसतानाही कुणीतरी तिथे मन लावून काम केलंय.

तुम्हीही तसेच आहात, काका. आवाज आला म्हणजे काम झालं असं तुम्हाला म्हणता आलं असतं, मी तक्रारही केली नसती. तुमच्यासारखी माणसं या गर्दीत आपापल्या गाळ्यांत बसलेली आहेत म्हणून या शहराचा मला धीर वाटतो.

वुडटिकमधल्या सुताराकडे आणि लाँड्रीत आपण गेलोच नाही. पुढच्या शनिवारी दुकान बंद करायच्या वेळेला मशीन घेऊन येते.

तुमची,
पेंटियमवाली