झावळीखाली माशा दोन

नारळावरील पांढऱ्या माशीसाठी सामुदायिक फवारणी करावी, ही बागायतदारांची मागणी आपल्या अंकात वाचली. काळजी रास्त आहे, उपाय मात्र उलटेल. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला आढळलेली चक्राकार पांढरी माशी आणि तिच्यामागोमाग आलेली, मेणाचे घरटे करणारी दुसरी माशी आता एकाच पातीवर नांदताना दिसतात. पहिलीला एन्कार्सिया हा तिच्या पिल्लांच्या अंगात वाढणारा इवलासा मित्रकीटक आवरतो. दुसरीवर त्याची मात्रा चालत नाही. सरसकट कीटकनाशक मारले तर आधी मरेल एन्कार्सिया, आणि दोघींना रान मोकळे. (शिवाय उंच माडाच्या शेंड्यापर्यंत फवारा पोचतो कुठे?) पानामागच्या पिल्लांच्या पाठीवर गोल छिद्रे दिसली, तर मित्रकीटक कामाला लागला असे समजावे. त्याची वाढ सुरू असलेल्या पात्या नव्याने कीड लागलेल्या बागेत टांगता येतात. कृषी विभागाने आधी हे गावोगाव दाखवावे.

– एक वाचक, गुहागर