दगडातला जीव ओळखून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तोंडावर धन्यवाद म्हटलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि काकूंना चहा टाकायला सांगता. म्हणून हे उघडं पत्र. यात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी लेक साउदॅम्प्टनला शिकते. सुट्टीत मैत्रिणींबरोबर फेरीबोटीने आइल ऑफ वाइट बेटावर गेली होती. तिथे ॲथरफिल्डच्या किनाऱ्यावर, ढासळत्या कड्याखाली, तिला मुठीत मावेल असा करडा-तपकिरी गोटा मिळाला. एका अंगाला काहीतरी वळलेलं, पेरापेरांचं. दिवाळीला ती तो नौपाड्यात घेऊन आली आणि आमच्या घरात तज्ज्ञांचं पीक आलं. मोबाइलच्या ॲपने ‘ट्रायलोबाइट’, म्हणजे केव्हाच नामशेष झालेला पेरापेरांचा समुद्री प्राणी, असा निकाल दिला. दिरांनी डायनासॉरचं शेपूट ठरवलं. सासूबाईंनी तर शाळिग्राम म्हणून देवघरात तुळशीपत्रासकट ठेवला. (त्यांना तुम्ही हसला नाहीत. गंडकीच्या शाळिग्रामातही ॲमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्मच असतो, हे तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत. तेव्हापासून त्या तुमच्याच बाजूच्या आहेत.)

तुम्ही दगड हातात घेण्याआधी विचारलंत, "सापडला कुठे? नेमका कुठे?" लेकीने नकाशावर जागा दाखवली आणि तिथल्या तिथे ट्रायलोबाइट बाद झाला. त्या बेटावर उघडे दिसणारे सर्वांत जुने खडक साधारण साडेबारा कोटी वर्षांचे, आणि ट्रायलोबाइट तर 25 कोटी वर्षांपूर्वीच संपलेले. दगड न बघता अर्धं काम झालं, हे मला फार आवडलं. ॲपने हा प्रश्न विचारलाच नव्हता.

मग तुम्ही पडदे ओढायला लावलेत आणि मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरलात. समोरून उजेड पाडल्यावर जी बाजू नुसती खडबडीत वाटत होती, तिथे मोहरीएवढ्या उंचवट्यांच्या रांगाच्या रांगा उठून आल्या. पुढच्या कवचावर लांबीच्या दिशेने गेलेल्या धारा, त्यांच्या मागे मानेशी एक खाच, आणि मागे एकात एक सरकलेली पेरं. इतके दिवस तो दगड आमच्या टीपॉयवर होता आणि आम्ही तो पाहिलाच नव्हता, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारातून डोक्यासकट टायगर कोळंबी घेऊन तुम्ही हजर. तुमची नोकरी कोळंबी शिकवण्यात गेली हे माहीत होतं, पण शिकवणी आमच्या ओट्यावर होईल असं वाटलं नव्हतं. ताटलीत कोळंबी, शेजारी दगड. डोकं आणि छाती झाकणारं एकच कवच, मग पोटाची सहा पेरं, मग शेपटीचा पंखा. लेकीने कोळंबीवर बोट ठेवत मोजलं, मग दगडावर. पाच पेरं स्वच्छ होती, सहावं अर्धं दगडात शिरलेलं, पंखा बहुधा आतच. पुढचे पाय लांब आणि सडपातळ, खेकड्यासारख्या जाड नांग्या नाहीत. "दशपाद आहे, कोळंबी-शेवंड-खेकड्यांच्या गोतातला," इतकं तुम्ही छातीठोक सांगितलंत आणि थांबलात. "जिवंत असता तर नाव मी सांगितलं असतं. आता भूगर्भवाल्याला विचारू."

खरं सांगू? मला सगळ्यात जास्त आभार इथे मानायचे आहेत. एवढी वर्षं शिकवलेल्या माणसाने एखादं लॅटिन नाव फेकलं असतं तरी आम्ही मान डोलावली असती. तुम्ही खारघरच्या तुमच्या भूगर्भवाल्या मित्राला फोटो पाठवलेत, शेजारी पट्टी ठेवून, चारही बाजूंनी. त्यांनी पुन्हा खालच्या बाजूचा फोटो मागितला, तोही काढलात. तेव्हा कुठे नाव आलं: मेयेरिया मॅग्ना. मॅकॉय या शास्त्रज्ञाने 1849 मध्ये दिलेलं हे नाव. आता त्याला नवी प्रजाती (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) मिळाली आहे, ॲथरफिल्डॅस्टेकस, म्हणजे गावाचंच नाव लागलं. त्या किनाऱ्याच्या चिकणमातीत या प्राण्यांचे इतके जीवाश्म मिळतात की त्या थरांना ‘लॉब्स्टर बेड’च म्हणतात. वय साधारण 12 कोटी वर्षं. तेव्हा भारत मादागास्करला चिकटलेला होता आणि आपल्या ठाण्याखालचा काळा पाषाण अजून जन्मायचा होता.

ही कवचं टिकतात कशी, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा सासूबाईही पोथी बाजूला ठेवून ऐकत होत्या. कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं हे कवच एरवी कुजतं, तुटतं, विखुरतं. प्राणी चटकन चिखलात गाडला गेला तरच आशा. मग कुजण्याच्या क्रियेतूनच भोवती फॉस्फेटसारखी खनिजं साचतात आणि गोटा घट्ट होतो. "ही नुसती कात तर नाही?" या लेकीच्या प्रश्नावर तुम्ही खूश झालात. कात टाकताना पुढचं कवच पोटापासून उचकटतं. आमच्या दगडात दोन्ही जागच्या जागी आहेत, म्हणजे बहुतेक अख्खा प्राणीच असावा.

आणि व्हिनेगर! दिरांनी व्हिडिओ बघून बाटली आणून ठेवली होती. आम्लाने चुनखडीचा अंश विरघळतो, त्याबरोबर बारीक नक्षीही जाते, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत. त्याऐवजी स्टीलच्या डब्यात गोडं पाणी, रोज बदलायचं, म्हणजे आत मुरलेलं मीठ निघतं. नाहीतर वाळताना त्याचे स्फटिक दगड फोडतात. मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घातलात आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, कोणाला मिळाला हे लेकीकडून लिहून घेतलंत. व्हिनेगर लोणच्यात गेलं. कोळंबीचं काय झालं ते काकूंना माहीत आहे.

आता एक काम. इमारतीतल्या पोरांना तुम्ही सांगून ठेवलंय की कवचधाऱ्यांचे जीवाश्म बघायला इंग्लंडला जायला नको, मुंबईच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळातही ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन शिंपांच्या कवचातले चिमुकले जलचर, मिळाले आहेत, अगदी बारीक दाण्याएवढे. आणि वरळीच्या त्याच गाळातल्या चिमुकल्या बेडकाचं वर्णन ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1847 मध्येच केलं होतं. तेव्हापासून जिन्यात रोज मलाच विचारणा होते. फोटो तुमच्याकडे आहेत म्हणालात. रविवारी सकाळी सोसायटीचं ऑफिस मोकळं असतं, किल्ली माझ्याकडे आहे. भिंगं तेवढी दोन-तीन जास्तीची आणा.

आपली,
चौथ्या मजल्यावरची शेजारीण