ब्रिटनच्या फारकतीचा हिशेब

महोदय,

युरोपीय संघ सोडून ब्रिटनचे नुकसान झाले का, या वादात ‘२०२० च्या अखेरीस संघाशी झालेल्या करारामुळे उभयतांच्या मालावर जकात नाही, मग तोटा कसला?’ असा प्रश्न हमखास येतो. जकात नसली तरी मालाच्या मूळ देशाचा पुरावा, सीमेवरील कागदपत्रे आणि तपासण्या यांचा खर्च उरतोच, आणि तो लहान व्यापाऱ्याला अधिक जाचतो. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला हे वेगळे सांगायला नको: नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरून जकात भरलेली पेटी पूर्वी ट्रकने थेट इंग्लंडला जाई, आता तिची तिथे नव्याने आयात होते, फवारणीच्या औषधांच्या फळावरील अवशेषांच्या मर्यादाही दोन्हीकडे स्वतंत्रपणे ठरतात. ब्रिटनच्याच अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाच्या अंदाजानुसार तेथील उत्पादकता संघात राहिल्याच्या तुलनेत दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. हा अंदाजच आहे, कारण कोरोना आणि युक्रेन युद्धाचा परिणाम त्यातून नेमका वेगळा काढणे कठीण आहे. स्वतंत्र करारांची मुभा मात्र खरी मिळाली. २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला करार संघात राहून ब्रिटनला एकट्याने करताच आला नसता. तरीही दाराशी असलेल्या बाजारपेठेची भरपाई इतक्या दूरच्या ग्राहकाकडून होईल, हे मला पटत नाही.

– एक द्राक्ष उत्पादक, निफाड (जि. नाशिक)