केसपेपरवर एक रकाना झाडपाल्याच्या औषधांसाठी

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

सरकारी रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे मी काम करते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी न्यायला आलेल्या रुग्णाला विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?" तर उत्तर हमखास "नाही" असंच येतं. काढा, चूर्ण, मुळी असं नाव घेऊन विचारलं की मग पिशवीतून पुडी निघते. तिच्यावर ना घटक लिहिलेले, ना मात्रा. केसपेपरवर तिची नोंद करायला जागाच नसते.

वनौषधींना सार्वजनिक आरोग्यसेवेत मानाचं स्थान मिळावं, असं मला मनापासून वाटतं. सोनामुखी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेच. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या वनस्पतीपासून काढलेल्या औषधाची गोष्ट तर आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक हवी. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. ते वाचून चिनी संशोधक तू यूयू यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि तो गुणकारी ठरला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. पण त्याच वनस्पतीचा चहा मलेरियावर देऊ नका, असं हीच संघटना बजावते. कपागणिक मात्रा बदलते, आणि अपुऱ्या मात्रेमुळे मलेरियाचे परजीवी पुढे औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

पारखून न घेतलेल्या मुळीने काय होतं, ते बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात दिसलं. वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. शंभरावर रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं खराब झाली; काहींना पुढे कर्करोगही झाला. सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीचा धोका वेगळा आहे. ती मनाच्या उदासीवर घेतात, पण गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि अवयव प्रत्यारोपणानंतरच्या सायक्लोस्पोरिन या औषधाचा परिणाम ती कमी करते. डॉक्टरांनी विचारलंच नाही, तर त्यांना हे कळणार कसं?

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक केसपेपरवर वनौषधींचा रकाना छापा आणि रुग्णाला न ओरडता विचारायला कर्मचाऱ्यांना शिकवा. रुग्ण लपवतो तो आमच्या ओरडण्याच्या धास्तीनेच. सरकारी खरेदीतल्या प्रत्येक वनौषधीची ओळख, शिसं-पारा आणि मात्रा तपासल्याशिवाय ती खिडकीवर येऊ देऊ नका. दुष्परिणामांची नोंद इतर औषधांच्याच यंत्रणेत व्हावी.

निधीची वाट न पाहता रकान्याचं काम पुढच्या छपाईपासूनच सुरू करता येईल. तसा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपली,
एक औषधनिर्माती