पेरण्याआधी एवढं वाच

राजापूर,
५ मे

प्रिय सुधीर,

यंदा लावणी न करता थेट पेरायचं ठरवलंस, ते वाचून बरं वाटलं. लावणीला माणसं मिळत नाहीत म्हणून काकांचं शेत पड राहू नये, हे मलाही वाटतं. पण गेल्या वर्षी मी तेच केलं आणि आठ गुंठ्यांतलं भात तणात घालवलं. ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लावणीत वीस-पंचवीस दिवसांची आवणं, म्हणजे रोपं, चिखलात लागतात, तण आधीच गाडलेलं, वर पाणी. धूळवाफेत, म्हणजे कोरड्या जमिनीत थेट पेरलं की, भात आणि तण मात्र एकदमच उगवतं, आणि सुरुवातीला पाणी तुंबवलं तर कोंब कुजतो. मृगानंतर माझं शेत हिरवंगार दिसलं तेव्हा मी निर्धास्त होतो. आई बांधावर आली, एक रोप उपटलं, पान खोडापासून मागे ओढलं आणि म्हणाली, "ह्याला जिभली नाय. हे भात नव्हे." भाताच्या पानाच्या सांध्याशी पातळ पांढरी जिभली असते, पाखडाचा, म्हणजे भातासारख्याच दिसणाऱ्या तणाचा, सांधा बोडका. मग दोघांनी एकेक रोप तपासलं. निम्मं पाखड! बेणणी, म्हणजे तण काढणं, होईपर्यंत दीड महिना उलटला होता, आणि खत तणानेच खाल्लं होतं.

म्हणून वळवाची सर आली की लगेच पेरू नकोस. आधी तण उगवू दे, मग हलकी नांगरट करून ते मोडून टाक. बी फोकून न टाकता २० सेंटीमीटरवर ओळीत पेर, म्हणजे ओळीबाहेरचं सगळं तण हे डोळ्यांना कळतं आणि कोळपंही चालतं. बी मातीआड नीट झाकलेलं असू दे. पेरल्यावर दोन-तीन दिवसांत, जमीन ओलसर असताना, पेंडिमेथॅलिन (३० टक्के ईसी) हे तणनाशक फवार: हेक्टरी ३.३ लिटर, म्हणजे गुंठ्याला साधारण ३३ मिली. कोरड्या मातीवर ते वाया जातं, आणि जोराचा पाऊस दिसत असेल तर थांब. तरी विसाव्या दिवसाच्या सुमारास एक हातबेणणी हवीच. लव्हाळा तर गाठीसकट काढ, वरून तोडला तर पुन्हा फुटतो.

आणि खाडीकडच्या कोपऱ्यात तुझ्याकडे देवभात आहे ना, ते लांब कुसळांचं रानटी भात? तिथे पेरूच नकोस. तेही भातच, म्हणून भाताला चालणारं तणनाशक त्याला मारत नाही, आणि त्याचं बी कापणीआधीच गळून पुढच्या वर्षासाठी जमिनीत बसतं. तिथे चिखलणी करून लावणीच कर. माणसं कमी पडली तर मी आणि धाकटा येतो.

रोहिणी २५ मेच्या सुमारास लागेल, त्याआधी पेरायला येतो. पण आर्द्रेतही दोन दिवस येईन, तेव्हा रोपं हातात घेऊन जिभली दाखवता येईल. आईलाही यायचं आहे, काकूंना सांग.

तुझा,
विनय