‘वरात’ सीमाभागाचीही

महोदय,

रविवारच्या पुरवणीत पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’च्या दूरदर्शनवरील चित्रीकरणावरचा लेख वाचला. त्यातील कौतुक मनापासून पटले. मात्र हा विनोद ‘पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गापुरता’ आहे, हे विधान मान्य होण्यासारखे नाही. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि त्यांनी अजरामर केलेले रावसाहेब, त्यांच्या मराठीतल्या कानडी हेलासकट, याच गावचे. दोन भाषा शेजारी नांदतात तिथले बोलणे ज्याने कानात साठवले, त्याचा विनोद एका वर्गात कोंडता येत नाही. आमच्या शहापुरातील घरी ‘वरात’ची कॅसेट लागली की शेजारच्या कन्नडभाषिक काकू हातातली निवडायची भाजी ताटासकट घेऊन येत आणि गाण्यांना मान डोलावत, नकला सुरू झाल्या की पदराने डोळे पुसेपर्यंत हसत, आणि एखादा शब्द अडलाच तर आईला विचारून घेत. म्हणूनच हे चित्रीकरण कन्नड उपशीर्षकांसह बेळगाव, खानापूर, निपाणी येथील वाचनालयांत दाखवले जावे, अशी दूरदर्शनला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव