पंधराव्या पानावरचा कोरा फुगा

प्रिय मित्रा,

परवा जुने खोके उपसताना आपली ती कॉमिकची वही सापडली. अरे तीच, पुठ्ठा उसवलेली, आत माझी चित्रं आणि तुझ्या किरट्या अक्षरातले संवादांचे फुगे. चौदा पानं पूर्ण, पंधराव्यावर आपला हिरो पुलाला एका हाताने लटकतोय, तोंडापाशी फुगा काढलाय पण आत काहीच नाही, आणि खाली तू ऐटीत लिहिलंयस 'क्रमशः'. तीस वर्षं लटकतोय बिचारा, हात भरून आला असेल.

तर डोक्यात किडा शिरला की पूर्ण करूया. आणि मग अर्धवट राहिलेल्या कॉमिक सिरीज लोकांनी परत कशा सुरू केल्या ते वाचत बसलो, दोन रात्री त्यातच गेल्या.

मिरॅकलमॅनचं ऐक. ब्रिटनमध्ये कॅप्टन मार्व्हल या सुपरहिरोचा (हा मार्व्हल कंपनीचा नव्हे) अमेरिकन माल यायचा बंद झाला म्हणून १९५४ मध्ये मिक अँग्लोने त्याच्या जागी मार्व्हलमॅन उभा केला, तो १९६३ ला बंद पडला, मग १९८२ मध्ये अ‍ॅलन मूर या लेखकाने त्याला उठवून बसवलं, पुढे अमेरिकेत छापायची वेळ आली तेव्हा मार्व्हल कंपनीची अडचण नको म्हणून नाव बदलून मिरॅकलमॅन. मूर थांबल्यावर लिहायला नील गेमन, चित्रांना मार्क बकिंगहॅम. १९९३ मध्ये २४वा अंक आला आणि प्रकाशकच बुडाला! २५वा अंक तयार होता रे, फक्त छापायचा राहिला. त्यानंतर हक्क नक्की कोणाचे यावर वर्षानुवर्षं भांडणं, आणि शेवटी २००९ मध्ये हक्क घेतले कोणी, तर त्याच मार्व्हलने, जिच्यापायी नाव बदलावं लागलं होतं. (मूरने मात्र नव्या आवृत्तीवर आपलं नाव घालू दिलं नाही, तिथे नुसतं 'मूळ लेखक' असं छापलंय. मला आवडला हा खडूसपणा.)

गोष्ट पुढे सरकली ती थेट २०२२ मध्ये. आणि खरी गंमत इथेच आहे, कोर्टकचेरीत नाही. बकिंगहॅमने सुरुवात केली तेव्हा तो विशी-पंचविशीतला पोरगा, परत आला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. हात तोच कसा राहील? रेघ बदलते, शाई कुठे ओतायची नि कुठे जागा सोडायची हे सगळंच बदलतं. मग त्याने काय केलं, तर आधी छापून झालेले अंकसुद्धा नव्याने काढले, म्हणजे जुनं-नवं एकसारखं दिसावं. मेहनतीला सलाम, पण मला नाही पटलं. सांधा दिसला तर बिघडलं कुठे?

अ‍ॅस्टेरिक्स बघ, ते फ्रेंच कॉमिक. बेल्जियमवाल्या अंकाचं काम चालू असताना १९७७ मध्ये लेखक गोसिनी गेला, तेव्हा चित्रकार उदेर्झोने त्या पानापासून पुढे आभाळ भरून आणलं आणि पाऊस सुरू केला. गोष्टीत त्या पावसाचं काही काम नाही, पण कोण गेलं ते चित्रात कळतं. हा सांधा मला बकिंगहॅमच्या त्या नव्याने काढण्यापेक्षा मोठा वाटतो. आणि टिनटिन कॉमिक काढणाऱ्या हर्जेचं तर शेवटचं पुस्तक १९८६ मध्ये कच्च्या पेन्सिल स्केचसकट तसंच छापलं, दुसऱ्या कोणाला पूर्ण करू दिलं नाही, तोही एक मार्ग आहेच. पण ते माणूस गेल्यावर. आपण दोघं अजून आहोत ना.

म्हणून मी ठरवलंय, ती चौदा पानं हलवायची नाहीत. हिरोचा डावा हात उजव्यापेक्षा लांब आहे, व्हिलनला सहा बोटं आहेत, राहू दे. खोडरबर लावायचं नाही, कॉम्प्युटरवर रंग चढवायचे नाहीत. सोळाव्या पानापासून मी आत्ताच्या हाताने काढणार, थरथरला तर थरथरला, आणि हिरोही तेवढाच वयस्क झालेला दाखवणार, कारण तीस वर्षं लटकून माणूस तसाच कसा राहील?

फक्त एका जागी अडलोय. तो पंधराव्या पानावरचा कोरा फुगा. तू तेव्हा म्हणाला होतास "उद्या लिहितो, भारी सुचलंय", आणि मग शाळा सुटली, तू दुसरीकडे गेलास. काय सुचलं होतं रे? आठवत नसेल तर आत्ता जे सुचेल ते लिही, पण तुझ्याच अक्षरात लिही, टाईप करून पाठवू नकोस. वही कुरियरने पाठवतोय, पुठ्ठा जपून उघड.

तुझाच,
चित्रवाला